वृद्धाश्रमात औषधे देताना: आधी यादी तपासा, मग घड्याळ पाहा

कोल्हापुरातील वृद्धाश्रमात राहायला येणाऱ्या आजी-आजोबांच्या सामानात औषधांची एक पिशवी हमखास असते. ती तशीच कपाटात ठेवून देऊ नये. पहिल्याच दिवशी, शक्यतो मुलगा किंवा सून समोर असताना, ती टेबलावर पूर्ण रिकामी करावी आणि प्रत्येक पाकिटावरील ठळक नाव सोडून त्याखाली बारीक अक्षरांत छापलेले मूळ औषधाचे नाव वाचावे. राजारामपुरीतील तज्ज्ञांनी लिहून दिलेले एक पाकीट आणि गावाकडच्या डॉक्टरांचे दुसरे, नावे निराळी, पण दोन्हींत रक्तदाबाचे टेल्मिसार्टनच, असा प्रकार मी अनेकदा पाहिला आहे. घरी आजी त्यांतली एखादी गोळी विसरत असत, म्हणून निभावून जात होते. आश्रमात दोन्ही न चुकता मिळू लागल्या की रक्तदाब उतरतो आणि पहाटे बाथरूमकडे जाताना त्या पडतात. यादीच चुकीची असेल, तर वक्तशीरपणाच अंगाशी येतो.

म्हणून प्रत्येकाचा एकच तक्ता ठेवावा आणि त्यात औषध, मात्रा, वेळ यांच्या जोडीला ‘कशासाठी’ असा रकाना असावा. हा रकाना जिथे रिकामा राहील, ती गोळी पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवावी. आपल्या मनाने मात्र काहीही बंद करू नये. फिटची औषधे, स्टेरॉइड, हृदयासाठी व रक्तदाबासाठी दिले जाणारे मेटोप्रोलोल किंवा वर्षानुवर्षे चाललेली झोपेची गोळी एकदम थांबवणे धोक्याचे असते. रुग्णालयातून परतल्यावर नवी आणि जुनी यादी शेजारी ठेवून ताडून पाहावी. एरवीही दर ३ ते ६ महिन्यांनी सगळी यादी एकाच डॉक्टरांसमोर ठेवावी आणि सोबत मूत्रपिंडाच्या तपासणीचा अहवाल न्यावा, कारण वयोमानाने स्नायू झिजलेले असल्यामुळे क्रिएटिनिनचा आकडा चांगला दिसूनही मूत्रपिंडाचे काम मंदावलेले असू शकते.

गोळीवर गोळी कशी चढते, हे ओळखायला शिकावे. अॅम्लोडिपिन या रक्तदाबाच्या गोळीने काहींचे घोटे सुजतात. सूज पाहून लघवीची गोळी सुरू होते. तिच्यामुळे रात्री तीनदा उठावे लागते. झोप होत नाही म्हणून अल्प्राझोलाम येते आणि त्या गुंगीत माणूस पडतो. या साखळीतील पहिलीच गोळी बदलली असती, तर पुढच्या दोन लागल्याच नसत्या. वृद्धांना शक्यतो टाळावीत अशा औषधांची यादी डॉ. मार्क बीअर्स यांनी १९९१ मध्ये वृद्धांच्या शुश्रूषागृहांसाठीच तयार केली आणि ती आजही सुधारून वापरली जाते. झोपेच्या अशा गोळ्यांबरोबरच सर्दीच्या गोळ्यांतील क्लोरफेनिरामिनही तीत आहे. त्याने लघवी तुंबते आणि माणूस बरळू लागतो, तरीही मेडिकलमधून ती सहज आणली जाते. गुडघेदुखीसाठी भेटीला आलेल्या नातेवाइकांनी उशाशी ठेवून दिलेल्या डायक्लोफेनॅकचेही तसेच. रक्तदाबाची आणि लघवीची गोळी चालू असताना ही वेदनाशामक गोळी मूत्रपिंडाला फार महागात पडू शकते.

देताना नाव विचारून, माणूस बसलेला असताना, पाण्याबरोबर गोळी द्यावी आणि ती गिळलेली पाहूनच तक्त्यावर सही करावी. गिळता येत नाही म्हणून मावशींनी सरसकट सगळ्या गोळ्या खलबत्त्यात कुटू नयेत. दिवसभर हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली गोळी कुटली, तर सारी मात्रा एकदम अंगात जाते. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी द्यावी, कॅल्शियम त्यानंतर ४ तासांनी. संधिवातासाठी दिलेले मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच द्यायचे असते. तक्त्यावर त्या वाराभोवती लाल शाईने गोल करावा, कारण ते रोज दिले गेले तर जिवावर बेतते.

नवरात्रात अंबाबाईचे उपवास सोडायला अनेक आजी तयार नसतात. त्यांना दटावण्यापेक्षा आठवडाभर आधी डॉक्टरांकडून ग्लिमेपिराइड या मधुमेहाच्या गोळीची मात्रा ठरवून घ्यावी. घाम, थरथर किंवा असंबद्ध बोलणे दिसले, तर ग्लुकोमीटरने साखर पाहावी. ती ७० च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असेल, तर ३ चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी (गूळ कितीही आपला असला तरी इथे साखरच बरी) आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात रस्ते बंद पडले होते, म्हणून जूनपासून किमान १५ दिवसांचा जादा साठा ठेवावा. इन्सुलिनच्या न उघडलेल्या बाटल्या २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवाव्यात आणि उघडलेल्या बाटलीवर तारीख लिहावी. वीज गेली तरी बाटली थेट बर्फात ठेवू नये. गोठलेले इन्सुलिन पुन्हा पातळ झाले, तरी टाकूनच द्यावे लागते.