नवा पोर्टेबल ॲम्प कानाला लावण्याआधी

पोर्टेबल ॲम्प म्हणजे फोन आणि हेडफोनच्या मध्ये बसून आवाजाची ताकद वाढवणारी छोटी डबी. तिचं चार्जिंग पूर्ण करून घ्या. फर्मवेअरचा (ॲम्पच्या आतल्या सॉफ्टवेअरचा) अपडेट असेल तर तो आत्ताच उरकून टाका. माहितीपत्रक निदान गेन (ॲम्प सिग्नल किती पट वाढवतो ते) आणि जॅकच्या पानापुरतं तरी वाचा. एवढं कोणीही सांगेल. मी लिहायला बसलोय ते वेगळ्याच गोष्टीसाठी: व्हॉल्यूम दोन असतात. एक फोनचा (किंवा प्लेअरचा, लॅपटॉपचा), दुसरा ॲम्पचा. मागच्या ॲम्पच्या वेळी मी दुसऱ्याशीच झटापट करत राहिलो, आवाज मरगळलेला आहे आणि मागून सूं-सूं येतंय म्हणून ॲम्पच्या नावाने बोटं मोडली आणि तो परत पाठवून दिला. फोनचा व्हॉल्यूम अर्ध्यावर होता. तेव्हा बाकी काही राहिलं तरी चालेल, दोन्ही व्हॉल्यूम बघायचं राहू देऊ नका. खाली पुन्हा सांगणार आहे. कंटाळा आला तरी वाचा.

आधी हेडफोन आणि ॲम्पची कुंडली जुळते का ते बघा. खोक्यावरचा मिलिवॉटचा आकडा बहुतेकदा ३२ ओहमच्या हेडफोनसाठीचा असतो (ओहममध्ये मोजतात तो इम्पिडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा). समजा तिथे २०० मिलिवॉट लिहिलंय. म्हणजे ॲम्प साधारण अडीच व्होल्ट देतो. तेच अडीच व्होल्ट ३०० ओहमच्या हेडफोनला दिले की हातात येतात जेमतेम २१ मिलिवॉट. बऱ्याच हेडफोनना तेवढे पुरतातही, पण २०० समजून बसू नका. उलट प्लेनर (सपाट पातळ पडद्याच्या) हेडफोनचं दुखणं वेगळं. ओहम कमी दिसतात, म्हणून वाटतं फोनवरही चालतील, पण त्यांना करंट लागतो आणि तिथे छोट्या ॲम्पची दमछाक होते. मोठ्या आवाजात ढोलाची थाप बसली की आवाज चेपल्यासारखा होतो, तो त्यामुळे.

सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे ठरावीक सिग्नलला हेडफोन किती मोठा वाजतो त्याचा, आकडा वाचताना त्याच्यापुढचं एकक वाचा. डेसिबल प्रति मिलिवॉट आणि डेसिबल प्रति व्होल्ट हे एकच नाही. ३२ ओहमच्या हेडफोनला ९५ डेसिबल प्रति मिलिवॉट म्हणजेच ११० डेसिबल प्रति व्होल्ट. एकाच हेडफोनचे दोन आकडे, पंधराचा फरक. जाहिरातीत कोणता छापतील ते सांगायला नको.

ज्यांच्याकडे नाजूक इअरफोन आहेत त्यांनी ताकदीचा विचार सोडा, ॲम्पचा आउटपुट इम्पिडन्स (त्याच्या स्वतःच्या आउटपुटचा अडथळा) बघा. तो इअरफोनच्या इम्पिडन्सच्या आठव्या भागाहून कमी असावा असा ढोबळ नियम आहे. १६ ओहमच्या इअरफोनला २ ओहमच्या आत. अनेक ड्रायव्हरवाल्या (आत एकाहून जास्त छोटे स्पीकर असलेल्या) इअरफोनचा इम्पिडन्स प्रत्येक फ्रिक्वेन्सीला बदलत असतो, त्यामुळे आउटपुट इम्पिडन्स जास्त असला की सुराचा तोलच सरकतो. कुठे बेस फुगतो, कुठे वरचे स्वर बसतात. लोक त्याला ॲम्पचा स्वभाव म्हणतात. म्हणू देत.

आता केबल. यूएसबीची केबल डेटा नेणारी आहे ना? नुसत्या चार्जिंगच्या केबलने फोनला ॲम्प दिसतच नाही आणि माणूस तासभर सेटिंग खणत बसतो. काही फोनांत ओटीजी (फोनला बाहेरचं यूएसबी उपकरण जोडू देणारी सोय) वेगळं चालू करावं लागतं, वापर नसला की ते आपोआप बंदही होतं. जॅक शेवटपर्यंत दाबा. जाड कव्हरमुळे तो केसभर बाहेर राहिला की ग्राउंड तुटतो, मग वाद्यं ऐकू येतात आणि गायक गायब. कोणी ते ऐकून 'काय मोकळा साउंडस्टेज आहे' असं (म्हणजे आवाज किती ऐसपैस पसरलाय असं) म्हणण्याआधी जॅक दाबून बघा.

आणि एक इशारा, हा गंमतीचा नाही. ॲम्पला ४.४ किंवा २.५ मिलिमीटरचं बॅलन्स्ड आउटपुट असेल तर त्यात ३.५ ची साधी पिन ॲडॅप्टर लावून घुसवू नका. साध्या पिनेत डाव्या-उजव्या दोन्हींची परतीची तार एकच असते. बॅलन्स्डमध्ये त्या दोन्ही तारांवर स्वतंत्र ॲम्प बसलेले असतात. त्या एकत्र केल्या की शॉर्ट. ॲम्प जळू शकतो. उलटं चालतं: बॅलन्स्ड केबलचे हेडफोन ॲडॅप्टर लावून साध्या आउटपुटला खुशाल जोडा.

आता मुख्य मुद्दा. दोन व्हॉल्यूम. फोनचा व्हॉल्यूम टोकापर्यंत वर, ॲम्पचा शून्यावर, मग प्ले, मग ॲम्पचा नॉब हळूहळू वर. हाच क्रम.

कारण सांगतो. फोनचा आवाज २० डेसिबल खाली ठेवलात की गाणं २० डेसिबलने लहान होतं, पण पुढच्या डॅकचा (डिजिटल गाण्याचा विजेचा सिग्नल करणारा भाग, बहुतेकदा ॲम्पमध्येच असतो) आणि ॲम्पचा स्वतःचा गोंगाट आहे तेवढाच राहतो. मग तुम्ही नॉब पिळता आणि गाण्याबरोबर तो गोंगाटही वर येतो. टाकीची मुख्य चावी अर्धी बंद ठेवून खालचा नळ पिळत बसण्यातला प्रकार. शिवाय नॉब टोकाला पोचला तरी आवाज पुरत नाही, म्हणून माणूस हाय गेनला जातो आणि सूं-सूं आणखी वाढवून घेतो. माझं नेमकं हेच झालं होतं.

लोक अडकतात कुठे तर इथे: अँड्रॉइड प्रत्येक आउटपुटचा व्हॉल्यूम वेगळा लक्षात ठेवतो. स्पीकरचा वेगळा, ब्लूटूथचा वेगळा, यूएसबीचा वेगळा. म्हणजे केबल जोडायच्या आधी तुम्ही फोन फुल केलात ते स्पीकरसाठी झालं. केबल जोडल्यावर पट्टी पुन्हा खालीच. म्हणून ॲम्प जोडून झाल्यावर पुन्हा बघा. वाढवताना मध्येच कानाच्या काळजीची सूचना येऊन पट्टी अडते, ती मान्य करा आणि शेवटपर्यंत न्या. ॲम्पचा नॉब शून्यावर आहे हे त्या क्षणी पुन्हा बघा. हो, पुन्हा.

अपवाद दोन. ॲम्पला स्वतःचा डॅक नसेल आणि तुम्ही फोनच्या हेडफोन जॅकमधून सिग्नल घेत असाल, तर फोन अगदी टोकाला नेला की काही फोनांचा आवाज फाटतो. तिथे एक-दोन पायऱ्या खाली या. प्लेअरला लाइन आउट (व्हॉल्यूमशी संबंध नसलेलं ठरावीक पातळीचं आउटपुट) असेल तर हा प्रश्नच नाही, तेच वापरा. आणि फोनला लटकणाऱ्या ज्या छोट्या डाँगलला (बोटाएवढ्या डॅक-ॲम्पला) नॉबच नाही त्याचा व्हॉल्यूम फोनच सांभाळतो. तिथे वरचं सगळं विसरा, नाहीतर फुलवर ठेवून कान फोडून घ्याल.

फोनची साउंड सिस्टीम बाजूला सारून गाणं थेट डॅकला पाठवणारी ॲप्स असतात. अँड्रॉइडची नेहमीची वाट सहसा सगळं ४८ किलोहर्ट्झवर (सेकंदाला ४८ हजार नमुन्यांवर) आणते, सीडीचं मूळ असतं ४४.१, ते टाळायला ही ॲप्स. २०२३ सालच्या अँड्रॉइड १४ पासून ही सोय खुद्द सिस्टीममध्येही आली, फोन आणि ॲपची साथ असेल तर. माझ्या कानांना या रूपांतराचा फरक कळत नाही, त्यासाठी झोप घालवू नका. पण ही ॲप्स वापरत असाल तर धोका असा की फोनच्या व्हॉल्यूमची बटणं तिथे निकामी होऊ शकतात आणि पहिलाच सूर पूर्ण ताकदीने सुटतो. त्यामुळे? ॲम्प शून्यावर. हेडफोन कानाला न लावता प्ले करा, मग लावा.

ब्लूटूथवरही तेच. फोन आणि ॲम्पचे व्हॉल्यूम कधी एकमेकांना बांधलेले असतात, कधी नसतात. फोनचा वाढवल्यावर ॲम्पचा आकडा हलतो का ते बघा. नसेल हलत तर फोन वर ठेवा. एलडॅक (ब्लूटूथवरून जास्त बारकाव्याचा आवाज पाठवण्याची पद्धत) ९९० किलोबिटवर बसवला तरी खिशातल्या फोनवरून तुटक यायला लागला तर त्याला ६६० वर आणा. तुटण्यापेक्षा ते बरं.

गेन नेहमी लो पासून सुरू. लोवर नॉब अर्ध्याच्या पुढे नेऊनही आवाज पुरत नसेल तरच हाय. इअरफोनला हाय गेन दिलात तर नॉब पहिल्या पावभागातच अडकतो, आणि साध्या नॉबमध्ये नेमका तोच भाग खराब असतो: एक कान मोठा, एक लहान. गेन बदलण्याआधी आवाज खाली. बदलताना हेडफोन कानावर नको.

सूं-सूं येतच असेल तर ती कुठून येते ते शोधा. गाण्यातला अगदी शांत भाग लावा (गाणं थांबवून उपयोग नाही, बरेच डॅक थांबल्यावर स्वतःच म्यूट होतात) आणि नॉब फिरवा. नॉबबरोबर वाढली तर ती मागून येतेय: फोनचा व्हॉल्यूम बघा, दोन व्हॉल्यूम, आठवतंय ना. नॉब शून्यावर असतानाही तेवढीच असेल तर ती ॲम्पच्या शेवटच्या टप्प्याची, इअरफोन फार संवेदनशील आहेत. चार्जर लावल्यावरच येत असेल तर चार्जर काढा. अधूनमधून टर्र-टर्र येत असेल तर फोन आणि ॲम्प एकमेकांना चिकटवून बांधलेत, ते सोडवा किंवा फ्लाइट मोड लावा.

फोनमधले आवाज सुधारणारे इफेक्ट बंद करा. स्ट्रीमिंग ॲपची क्वालिटी ऑटोवरून काढून सर्वांत वरची ठेवा. डेटा सेव्हर चालू ठेवून महागडा ॲम्प ऐकणारे लोक मी पाहिलेत. इक्वलायझर हवा असेल तर जेवढे डेसिबल एखादी पट्टी वर नेली तेवढाच प्रीॲम्प (इक्वलायझरमधली एकूण पातळीची पट्टी) खाली आणा, नाहीतर फोन फुलवर असताना आवाज कापला जाईल. फोन खाली घेऊन हे भागवू नका, प्रीॲम्पच खाली घ्या.

इअरफोनचे रबरी टिप. यात सगळ्यांत जास्त फरक आहे आणि याच्याकडेच कोणी बघत नाही. टिप कानात घट्ट बसला नाही की बेस गळून जातो, आणि कोणताही ॲम्प तो परत आणू शकत नाही. खोक्यातले सगळे आकार लावून बघा, दोन कानांना दोन आकार लागले तर लाजू नका. मोठ्या हेडफोनला हेच कुशनचं, चष्म्याच्या दांडीची फट धरून.

जुन्या-नव्याची तुलना करायची असेल तर आवाज समान करा. थोडासा मोठा वाजणारा नेहमीच 'स्वच्छ' आणि 'जिवंत' वाटतो, मग तो कितीही फालतू असो. मल्टिमीटर असेल तर ५० हर्ट्झचा सलग सूर वाजवा, हेडफोन जोडलेले ठेवून आउटपुटचा एसी व्होल्ट मोजा आणि दोन्हीकडे सारखा करा. साधे मीटर कमी फ्रिक्वेन्सीलाच नीट वाचतात. मीटर नसेल तर तुलना करून निकाल देऊ नका, एवढंच.

राहिलेलं भरभर. बर्न-इनसाठी (वाजवून वाजवून आवाज 'मुरतो' या समजुतीने) शंभर तास वाजवत ठेवण्याच्या भानगडीत पडू नका. परतीची मुदत असेल तर ती त्यातच संपते. ताकद आली म्हणून आवाज चढवू नका: मोठ्यांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. बरेच दिवस वापरणार नसाल तर बॅटरी अर्धी भरून ठेवा, रिकामी नको. काढताना आधी नॉब खाली, मग जॅक. दुसऱ्या कोणाला ऐकायला देताना त्याच्या हातात देण्याआधी दोन्ही व्हॉल्यूम तुम्ही बघा, तो बघणार नाही.