पिंजऱ्यातल्या चोणकाच्या अंगावर व्रण दिसले तर

पंखांच्या मुळाशी लाल चट्टे, खवले उडालेल्या जागी खोल जाणारा व्रण, काळवंडलेलं अंग, कधी बाहेर आलेला डोळा. चोणकात (जाळीच्या पिंजऱ्यात पाळतात तो मासा, इंग्रजीत एशियन सीबास) हे दिसलं की पहिला संशय व्हिब्रिओ ह्या जिवाणूचा. त्याआधीची खूण म्हणजे खाद्य टाकल्यावर वर न येणारे मासे. तेव्हाच हालचाल करा. आजारी मासा खात नाही आणि औषध द्यायचं ते खाद्यातूनच.

खाऱ्या पाण्यात व्हिब्रिओ कायमच असतो, त्याला अंगात शिरायला वाट लागते. जाळ्यावर चढलेल्या शिनाण्यांना (शिंपल्यांना) घासून झालेली जखम, प्रतवारी (आकारानुसार मासे वेगळे) करताना निघालेले खवले, कल्ल्यांवरचे परजीवी, ह्या त्या वाटा. म्हणून कल्ल्याचं झाकण उचलून बघाच. परजीवी असतील तर गोड्या पाण्यात ५ ते १० मिनिटं ठेवा, एअरेटर चालू हवा. मासा आडवा झाला की लगेच बाहेर काढा. अगदी गळालेल्यांना ही आंघोळ नको.

नमुन्यात बहुतेकांची चूक होते. मेलेला मासा पाठवू नका. मेल्यावर आतड्यातले जिवाणू अंगभर पसरतात आणि खरा दोषी सापडत नाही. मरणाला टेकलेले ३ ते ५ मासे ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत जिवंत न्या. ते जमत नसेल तर मारून लगेच वेगवेगळ्या पिशव्यांत, बर्फावर. फ्रीझरमध्ये अजिबात नाही. नमुना कुठे घेतात ते मत्स्योद्योग खात्याला आधी विचारा. प्रयोगशाळेत मूत्रपिंडातून जिवाणू वाढवून कोणतं प्रतिजैविक लागू पडतं ते तपासून घ्या.

निकालाआधी दुकानदाराच्या सांगण्यावरून औषध नको. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान तर बंदीचीच. ऑक्सिटेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक पाण्यात ओतणं म्हणजे पैसे खाडीत टाकणं: समुद्राच्या पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम त्याला बांधून टाकतं. मात्रा आणि विक्रीआधी किती दिवस थांबायचं, हे तज्ज्ञाकडून लिहून घ्या.

तोवर खाद्य कमी करा, प्रतवारी थांबवा. मेलेले मासे रोज काढून भरतीचं पाणी पोहोचणार नाही अशा जागी चुन्यासकट पुरा, पाण्यात फेकलेत तर शेजारच्या पिंजऱ्यालाही लागण होईल. हातमोजे घाला, काही व्हिब्रिओ माणसाच्या जखमेतही शिरतात.

पावसाळ्यात गोव्यातल्या शापोरा, झुवारी नद्यांच्या मुखाशी खारटपणा झपाट्याने उतरतो आणि मासे आधीच ताणाखाली असतात. जाळं बदलणं, प्रतवारी ही कामं मेअखेरच उरकून घ्या.