एसी बंद, तरी काच साफ

पावसाळ्यात चिखलदऱ्याच्या घाटात धुकं उतरलं की गाडीची काच आतून धुरकटते. बऱ्याच गाड्यांत डीफ्रॉस्टचं, म्हणजे काचेवरची वाफ घालवायचं, बटण दाबताच एसीचा कॉम्प्रेसरही सुरू होतो. तो बिघडलेला असेल तर इंजिन बंद करून बॉनेटखालच्या फ्यूज बॉक्समधला फक्त त्याचा रिले, म्हणजे तो सुरू करणारा विजेचा स्विच, काढा. जागा गाडीच्या पुस्तिकेत सापडते. ब्लोअरचा, म्हणजे हवा फेकणाऱ्या पंख्याचा, फ्यूज वेगळा असतो, तो राहू द्या. कॉम्प्रेसर फिरवणारा पट्टा तर मुळीच कापू नका, अनेक गाड्यांत बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर त्याच पट्ट्यावर फिरतो.

मग हीटर पूर्ण गरम, हवा बाहेरची, झोत काचेवर. एसीविना हवेतली ओल कमी होत नाही, त्यामुळे वेळ जास्त लागतो. निघण्याआधीच काच साफ होऊ द्या. मागच्या काचेतल्या तारा विजेवर तापतात, त्यांना एसी लागतच नाही.