विषयांचा फॉर्म भरायच्या आधी काय काय बघून ठेवायचं

लेकीचा आणि मग दोन वर्षांनी भाच्याचा, असे विषय निवडायचे दोन फॉर्म मी जवळून बघितले, तिचा आयबीचा, त्याचा ए लेव्हलचा (दोन्ही दहावीनंतरचे दोन वर्षांचे परदेशी बोर्डांचे अभ्यासक्रम), आणि दोन्ही वेळा घरात महिनाभर तेच रामायण. दुसऱ्या वेळी मी जरा शहाणी झाले होते कारण पहिल्या वेळी जे जे राहून गेलं ते वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलेलं. हल्ली ओळखीत कुणाचं पोर दहावी संपवायला आलं की फोन येतो, "तुझी ती यादी दे ना", तर घ्या, एकदाची सगळी लिहून काढते. नंबर घातलेले नाहीत, कारण ही कामं एकामागोमाग होत नाहीत, एक करायला घेतलं की दुसरं उपटतं.

आधी चौकट समजून घ्या, आणि ती शाळेच्या कागदावरून, मुलाच्या तोंडून नाही, कारण मुलं मित्रांकडून ऐकलेलंच सांगतात. ए लेव्हलला बहुतेक जण तीन विषय घेतात, काही जण चार, आणि दोन वर्षं तेच खोलात शिकायचे, त्यामुळे तिनातला एक जरी चुकला तरी ते पोर आठवड्याचा बराच वेळ नको त्या वर्गात बसून असतं. आयबी डिप्लोमाला सहा विषय, वेगवेगळ्या गटांतले, त्यातले तीन (कधीकधी चार) हायर लेव्हल म्हणजे एचएल, बाकीचे स्टँडर्ड लेव्हल म्हणजे एसएल. एचएलसाठी साधारण २४० तास शिकवणं धरलेलं असतं आणि एसएलसाठी १५०, म्हणजे "एचएल म्हणजे तोच विषय, जरा अवघड" असं जे आपण धरून चालतो ते खरं नाही, वेळच दीडपटीहून जास्त लागतो. सहावा गट कलांचा, पण कला नको असेल तर त्याजागी बाकीच्या काही गटांतला आणखी एक विषय घेता येतो, हे बऱ्याच पालकांना माहीतच नसतं. अमेरिकन पद्धतीतले एपी कोर्स (शाळेतच शिकायचे, पण कॉलेजच्या पातळीचे) एकेक करून घेता येतात, मे महिन्यात परीक्षा, १ ते ५ असा स्कोअर, तिथे सगळं एका फॉर्मवर ठरत नाही म्हणून थोडा श्वास घ्यायला जागा असते.

मग उलटीकडून बघायचं काम, आणि याला एक अख्खा रविवार ठेवा. सोळाव्या वर्षी पुढचं नक्की नसतं, नसू दे, पण "हे कदाचित, नाहीतर ते" असं दोन-तीन कोर्सचं तरी डोक्यात असतं. प्रत्येकासाठी तीन-चार विद्यापीठांची प्रवेशाची पानं उघडायची आणि कागदावर तीन रकाने आखायचे: लागतोच, असला तर बरं, काही फरक पडत नाही. टाइप पोराने करायचं, आपण शेजारी बसायचं. आमच्याकडे हा कागद भरता भरता भल्याभल्या समजुती गळून पडल्या. लॉ करायचं तर शाळेत लॉ हा विषय पाहिजे, आणि तो आयबीत नाही, म्हणून शाळाच बदलावी की काय इथपर्यंत लेकीची गाडी गेली होती, आणि बघितलं तर ब्रिटनमधल्या लॉच्या कोर्सला तो लागतच नाही, इतिहास घेऊन आलेलं पोर त्यांना छान चालतं. कॉम्प्युटर सायन्सच्या पदवीला ऑक्सफर्ड, केंब्रिज, इम्पिरियल सगळीकडे अडतं ते मॅथ्सवर, शाळेतल्या कॉम्प्युटर सायन्सवर नाही. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला इकॉनॉमिक्स करायचं तर शाळेत इकॉनॉमिक्स नसलं तरी चालेल पण मॅथ्स नसून चालणार नाही, हे वाचल्यावर भाचा दोन मिनिटं गप्प होता. इंजिनिअरिंगला मॅथ्स-फिजिक्सची जोडी बहुतेक ठिकाणी. मेडिकलला ब्रिटनमध्ये केमिस्ट्री आणि बरेचदा बायोलॉजी, पण भारतात 'नीट' ही प्रवेशपरीक्षा देऊन जायचं तर फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी तिन्ही हवेत, आणि इथे आयबीवाल्यांची खरी गोची होते, कारण तीन सायन्स नेहमीच्या सहा गटांच्या मांडणीत बसत नाहीत, त्यासाठी विद्यापीठाची अट दाखवून खास परवानगी काढावी लागते, ती शाळेतल्या आयबी को-ऑर्डिनेटरला पहिल्याच भेटीत सांगायची गोष्ट आहे, फॉर्मच्या आदल्या दिवशी नाही.

मॅथ्सवर वेगळी ओळ लिहा. आयबीत २०१९ पासून मॅथ्स दोन प्रकारचं झालं, अ‍ॅनॅलिसिस अँड अ‍ॅप्रोचेस आणि अ‍ॅप्लिकेशन्स अँड इंटरप्रिटेशन, सगळे एए आणि एआय म्हणतात, आणि दोन्ही एचएल-एसएल अशा दोन्ही पातळ्यांवर. "मॅथ्स घेतलंय ना, झालं तर" असं म्हणून चालत नाही, काही इंजिनिअरिंगवाले एए एचएलच मागतात, काहींना एआय एचएलही चालतं, आणि एआय एसएलवर बरीच दारं बंद होतात. ए लेव्हलचं फर्दर मॅथ्स (म्हणजे मॅथ्सच्याही पुढचं, वेगळा विषय) मॅथ्सच्या जोडीनेच घ्यायचं असतं, त्यामुळे तीनच विषय घेणाऱ्याने मॅथ्स, फर्दर मॅथ्स आणि फिजिक्स घेतलं की दोन वर्षं दुसरं काही नाही. ज्याला तेच आवडतं त्याला सुख, बाकीच्यांनी विचार करावा.

हा कागद भरताना फॉरवर्ड झालेल्या याद्या बाजूला ठेवा. ब्रिटनमधल्या रसेल ग्रुपची (तिथल्या मोठ्या संशोधन-विद्यापीठांचा गट) "फॅसिलिटेटिंग सब्जेक्ट्स" म्हणून एक यादी होती, कुठले विषय जास्त दारं उघडतात त्याची, ती त्यांनी २०१९ मध्येच बंद केली आणि त्याऐवजी इन्फॉर्म्ड चॉइसेस ही वेबसाइट काढली, तरी ती जुनी यादी मला त्यानंतर दोनदा आलीय, दोन्ही वेळा "अत्यंत महत्त्वाचे" असं वर लिहून. विद्यापीठाच्या पानावर पण आपलं पोर ज्या वर्षी आत जाणार ते वर्ष बघून वाचायचं.

आता माझं यादीतलं लाडकं काम. ज्या ज्या विषयाचा विचार चाललाय त्याचा वरच्या पातळीचा एक जुना पेपर आणि त्याची मार्क स्कीम (कुठल्या मुद्द्याला किती मार्क ते सांगणारा कागद) प्रिंट करा, आणि पोराला प्रत्येकासोबत पाऊण तास एकटं सोडा. सोडवायला नाही हो, येणारच नाहीये, नुसतं बघायला की या विषयात बसून करायचं काय असतं. कारण मुलं विषयाचं नाव निवडतात, आणि मिळतं ते त्याचं रोजचं काम.

लेकीला दहावीत सगळ्यात जास्त मार्क केमिस्ट्रीत, त्यामुळे केमिस्ट्री एचएल हे आम्ही मनात धरूनच टाकलेलं, तिच्या बाबांनी तर पुढची सहा वर्षंसुद्धा आखली होती. पेपर समोर ठेवला तर तिने पहिली दोन पानं नीट वाचली, मग इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात ते वाकड्या बाणांनी दाखवायचं होतं तिथे थांबली, मग पानं नुसतीच उलटली, आणि वीस मिनिटांनी बाहेर येऊन म्हणाली, "आई, हे मी पाठ करू शकेन." करू शकेन, एवढंच. संध्याकाळी इतिहासाचा पेपर दिला, त्यात चार-पाच उतारे आणि एक व्यंगचित्र, कुठल्यावर किती विश्वास ठेवायचा ते लिहायचं. पाऊण तासाचा दीड तास झाला तरी खोलीतून हूं नाही की चूं नाही, शेवटी मी डोकावले तर अंधार पडून गेलेला, लाइट लावलेला नाही, खिडकीशी कागद धरून मार्क स्कीमच्या बाजूला पेन्सिलीने लिहीत होती, "हा मुद्दा का नाही धरला??" दोन प्रश्नचिन्हं. इतिहास एचएल तिथे ठरला, केमिस्ट्री एसएलला गेली, आणि बाबांना त्यांची सहा वर्षं गुंडाळावी लागली.

भाच्याचं उलटं झालं. त्याला फिजिक्स म्हणजे ब्लॅक होलचे व्हिडिओ, आणि मला खात्री होती की पेपर बघून हा पळणार, कारण त्यात ब्लॅक होल वगैरे काही नाही, आलेख काढा, रेषेचा चढ काढा, मोजण्यात एरर किती ते टक्क्यात लिहा. तर हा पठ्ठ्या पट्टी घेऊन बसला आणि चढ तीन वेळा काढला, कारण उत्तर मार्क स्कीमपेक्षा जरासं वेगळं येत होतं. "आत्या, त्यांची रेषाच चुकलीये." (चुकली नव्हती.) म्हणजे आपण अंदाज बांधायचे नाहीत, पेपर समोर ठेवायचा.

पेपरच्या जोडीला वरच्या वर्गातल्या कुणाची तरी वही मागून आणा, आणि त्याला "आवडतो का विषय" असं विचारू नका, "मागच्या आठवड्यात या विषयाला घरी किती तास लागले" असं विचारा. पहिल्या प्रश्नाला सगळे "हो, छान आहे" म्हणतात.

शिक्षक आवडतात म्हणून विषय नको, शिक्षक बदलतात. मैत्रीण घेतेय म्हणून नको, हे त्यांनाही माहीत असतं, तरी घेतात. "स्कोप" हा शब्द तर मी घरात बंदच केला होता. दहावीचे मार्क बघा जरूर, बऱ्याच शाळा एचएलला किंवा ए लेव्हलला अमुक ग्रेड मागतातच, पण मार्क सांगतात ते खालच्या पायरीचं, वरची पायरी मॅथ्स आणि सायन्समध्ये एकदम उंच येते. दहावीत घोकून निभावलेलं तिथे निभत नाही.

सुटे विषय पारखून झाले की ते एकत्र ठेवून बघा, कारण एकेकटे ठीक वाटणारे विषय एकत्र आले की जीव काढतात. तिन्ही एचएल लिखाणाचे असतील तर निबंधांचा ढीग एकाच आठवड्यात येतो, आर्ट असेल तर पोर्टफोलिओ रात्री खातो. आयबीत विषयांच्या वर आणखी टीओके (आपल्याला जे माहीत आहे ते कसं कळतं यावरचा कोर्स), सीएएस (कला, खेळ, समाजसेवेचे उपक्रम) आणि ४००० शब्दांपर्यंतचा एक्सटेंडेड एसे, म्हणजे स्वतः शोधून लिहायचा निबंध, शिवाय प्रत्येक विषयाचं अंतर्गत काम, म्हणजे शाळेकडून या सगळ्याच्या मुदतीचं कॅलेंडर मागून घ्या, देतात, मागितलं तर. इंग्लंडातल्या ए लेव्हलला बहुतेक विषयांत सगळा भार दोन वर्षांच्या शेवटच्या परीक्षांवर, तर केंब्रिज इंटरनॅशनल या बोर्डाच्या ए लेव्हलमध्ये पहिल्या वर्षी एएस (ए लेव्हलच्या पहिल्या अर्ध्या भागाची परीक्षा) देऊन ते मार्क पुढे नेता येतात. कुणाला रोज थोडं थोडं जमतं, कुणाचं इंजिन शेवटच्या दोन महिन्यांतच सुरू होतं, आपलं पोर कुठल्या जातीचं ते आपल्याला चांगलं माहीत असतं, फक्त कबूल करायचं.

शाळेला विचारायचे प्रश्न लिहूनच न्या, मी तोंडी लक्षात ठेवले आणि नेमका महत्त्वाचा विसरले. टाइमटेबलच्या ब्लॉकमध्ये (म्हणजे एकाच वेळी भरणाऱ्या वर्गांच्या गटात) कुठले विषय एकमेकांवर येतात, किती मुलं झाली नाहीत तर विषय रद्द होतो, गेल्या वर्षी कुठला रद्द झाला, आणि विषय बदलायची शेवटची तारीख कुठली. भाच्याला जिओग्राफी आणि फिजिक्स दोन्ही हवे होते, फॉर्मवर दोन्हीला टिक करता आली, शाळेने घेतलाही फॉर्म, आणि दोन्ही एकाच ब्लॉकमध्ये आहेत हे कळवलं वर्ग सुरू व्हायच्या आठवडाभर आधी. तिथे मग जिओग्राफी गेली आणि घाईघाईत इकॉनॉमिक्स आलं. म्हणून फॉर्मवर जागा असो नसो, एक राखीव विषय ठरवून ठेवा, आणि त्याचाही पेपर बघितलेला असू दे.

काउन्सेलरच्या भेटीत पोराला बोलू द्या. हे लिहायला सोपं आहे, मला दोनदा ओठ चावावे लागले. घरात आम्ही एक आठवडा असा केला की मोठ्यांनी फक्त प्रश्न विचारायचे, आणि "मॅथ्स सोडून कसं चालेल?" हा प्रश्न धरायचा नाही, कारण ते प्रश्नचिन्ह लावलेलं मत आहे. नातेवाइकांना निर्णय कळवा, पर्याय कळवू नका.

फॉर्म दिला की त्याचा फोटो काढून ठेवा, तीन रकान्यांचा कागद फेकू नका, आणि विषय बदलायची ती शेवटची तारीख फोनमध्ये दोन रिमाइंडर लावून ठेवा. वर्ग सुरू झाले की "कसं चाललंय" विचारून काही हाती लागत नाही, "ठीक" एवढंच येतं. त्यापेक्षा रोज कुठल्या विषयाचा होमवर्क सगळ्यात शेवटी उरतो तेवढं बघा. भाच्याने मॅथ्स, फिजिक्स, इकॉनॉमिक्स आणि चौथं फर्दर मॅथ्स घेतलेलं, आणि तीन आठवडे रोज रात्री टेबलावर फर्दर मॅथ्सचीच वही उघडी, पेन वर ठेवलेलं, पान कोरं. तीन रकान्यांचा कागद काढला, त्याला हव्या असलेल्या कोर्सना ते "असला तर बरं" मध्ये होतं, "लागतोच" मध्ये नाही. मुदतीला दोन दिवस होते. को-ऑर्डिनेटरने एका कागदावर त्याची सही घेतली, एकावर माझ्या भावाची, आणि पाचव्या मिनिटाला आम्ही बाहेर.