टेल्युराइडला उन्हाळ्यात जाताय? या चुका टाळा

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातलं टेल्युराइड मूळचं सोन्या-चांदीच्या खाणींचं गाव. १९७२ साली इथं स्की रिसॉर्ट सुरू झालं, तरी मला हे गाव उन्हाळ्यातच जास्त आवडतं. जुलैत डोंगरउतार रानफुलांनी भरतात आणि इथल्या शाळांना सुट्टीही असते. पण बरेच जण इथल्या डोंगरांना महाबळेश्वरसारखं धरून चालतात, आणि तिथंच घोटाळा होतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे उंची हिशेबात न धरणं. राज्याची राजधानी डेन्व्हरच जवळपास कळसूबाईएवढ्या उंचीवर आहे. टेल्युराइड त्याहून हजारेक मीटर वर, २,६६७ मीटरवर. समुद्रसपाटीवरून विमानानं येऊन दुसऱ्याच दिवशी मोठी चढाई ठरवू नका. वाटेत एखादी रात्र डेन्व्हरला काढा. पहिल्या दिवशी गावात फिरा, भरपूर पाणी प्या, दारू टाळा. डोकं दुखलं, मळमळलं, तर आणखी वर जायचं नाही, विश्रांती घ्यायची. बसल्या जागी धाप लागली, चालताना तोल जाऊ लागला किंवा बोलणं असंबद्ध झालं, तर सकाळची वाट न बघता लगेच खाली उतरा आणि डॉक्टर गाठा. हृदयाचा किंवा फुप्फुसांचा त्रास असलेल्या आई-बाबांना नेणार असाल तर निघण्याआधीच डॉक्टरांशी बोला.

दुसरी चूक, आरामात नाश्ता करून दहाला ट्रेकला निघणं. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी ढग जमतात आणि विजा कडाडतात. झाडांची रेषा संपली की वर आडोसाच नसतो. पहाटे निघा, दुपारच्या आत खाली या. आभाळ निरभ्र दिसत असलं तरी रेनकोट सोबत हवाच.

नकाशात रस्ता दिसतो म्हणून गाडी घालू नका. ब्लॅक बेअर पास या खिंडीतल्या रस्त्याचा टेल्युराइडकडे उतरणारा भाग एकेरी आणि अत्यंत अवघड आहे. इमोजीन पास ३,९९७ मीटरवर आहे. भाड्याच्या गाड्यांच्या करारात असे कच्चे रस्ते बहुधा वर्ज्य असतात. वर जायचंच असेल तर स्थानिक चालकाची जीप घ्या. जुन्या खाणींच्या तोंडात मुलांना डोकावू देऊ नका. आतली लाकडं कुजलेली असतात, हवा विषारी असू शकते. खाणींखालच्या ओढ्यांचं पाणीही पिऊ नका, त्यात धातू उतरलेले असतात.

जूनमधल्या ब्लूग्रास संगीत महोत्सवाच्या आणि लेबर डेच्या (सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या) सुमारास होणाऱ्या चित्रपट महोत्सवाच्या तारखा बघूनच बुकिंग करा. त्या दिवसांत खोल्या मिळणं कठीण. शेजारच्या माउंटन व्हिलेजमध्ये राहिलात तरी चालेल. दोन्ही गावांना जोडणारा गोंडोला (रोपवे) १९९६ पासून आहे आणि त्याला तिकीट नाही.

स्वयंपाकघर असलेली जागा घेतली असेल तर कुकर नक्की न्या. इथं पाणी साधारण ९१ अंशांनाच उकळतं, त्यामुळे पातेल्यात तूरडाळ शिजता शिजत नाही. कुकरमध्येही नेहमीपेक्षा एक-दोन शिट्ट्या जास्त द्या.