चूक समोरच्याची, हाड मोडलं तुमचं: अपघाताचा क्लेम नीट कसा लावायचा

रस्त्यावर कोणीतरी बेफिकीरपणे गाडी चालवून तुम्हाला उडवलं, पायात रॉड पडला, तीन-चार महिने घरी बसायची वेळ आली, की घरात पहिला विषय निघतो तो खर्चाचा. तो द्यायची जबाबदारी समोरच्या ड्रायव्हरची, गाडीमालकाची आणि त्यांच्या इन्शुरन्स कंपनीची. थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा केलाय तो ह्याच्यासाठीच. पण पैसे आपोआप खात्यात येत नाहीत, त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, म्हणजे कोर्टात सगळे ज्याला एमएसीटी म्हणतात तिथे क्लेम लावावा लागतो, आणि तिथे वकिलाच्या युक्तिवादापेक्षा पहिल्या महिनाभरात बनलेले कागद जास्त काम करतात. म्हणून हे सगळं कागदांच्या अंगानेच लिहितोय.

आधी उपचार, हे वेगळं सांगायला नको. ११२ ला फोन करा, जवळच्या हॉस्पिटलात न्या. मे २०२५ पासून केंद्र सरकारची कॅशलेस योजना लागू झालीये, त्यात अपघातापासून ७ दिवस, माणशी दीड लाखापर्यंतचा उपचार योजनेतल्या हॉस्पिटलात होतो, तर ॲडमिट करतानाच काउंटरवर विचारा. आणि जो अनोळखी माणूस मदतीला थांबलाय त्याला सांगा की घाबरू नको, मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ ने त्याला संरक्षण आहे, पोलिस त्याला साक्षीदार व्हायची जबरदस्ती करू शकत नाहीत. तरी त्याचा नंबर गोड बोलून घेऊन ठेवा, प्रत्यक्ष बघणारा माणूस नंतर शोधून सापडत नाही.

आता खरी गोम कुठेय ते सांगतो. कॅज्युअल्टीमध्ये डॉक्टर विचारतात, काय झालं? पेशंट कण्हत असतो, बरोबर आलेला मेव्हणा घाबरलेला, तो म्हणतो "गाडीवरून पडले". डॉक्टरला कोर्टकचेरीशी घेणंदेणं नाही, तो केसपेपरवर तेवढंच लिहितो, मोटरसायकलवरून पडून दुखापत. झालं. वर्ष-दोन वर्षांनी तुमची उलटतपासणी सुरू होते तेव्हा इन्शुरन्सचा वकील तोच केसपेपर वर धरतो आणि विचारतो, ह्यात दुसऱ्या गाडीचा उल्लेख कुठाय? तुम्ही स्वतःच घसरून पडलात आणि नंतर ओळखीच्या माणसाची विमा असलेली गाडी आणून उभी केलीत, बरोबर ना? खोट्या क्लेमच्या केसेस खरंच होतात त्यामुळे न्यायाधीशही त्या ओळीकडे बारकाईने बघतात. म्हणून जो कोणी बरोबर असेल त्याने नीट सांगायचं, अमुक रस्त्यावर, अमुक वाजता, मागून आलेल्या ट्रकने धडक दिली, नंबर माहीत असेल तर नंबरही सांगायचा. आणि लिहिलेलं वाचून बघायचं. चुकलं असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडूनच दुरुस्त करून त्यांची सही घ्या, स्वतः पेन लावू नका. एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायची केस) अशी नोंद झाली की नाही तेही विचारा, कारण त्याच नोंदीवरून हॉस्पिटल पोलिसांना कळवतं.

मग पोलिस. इथे एक टोळी आडवी येते, "मिटवून टाकू" वाली. समोरचा हात जोडतो, गरीब माणूस आहे म्हणतो, दवाखान्याचं सगळं बघतो म्हणतो, आणि स्टॅम्प पेपरवर "माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही" असं लिहून घेतो. पहिल्या बिलाला पैसे देतो आणि नंतर फोन उचलत नाही. दया दाखवायची तर दाखवा, पण गुन्हा नोंदवून, कारण विमा चालू असेल तर भरपाई त्याच्या खिशातून नाही, कंपनीकडून येते आणि हे त्यालाही समजावून सांगता येतं. १ जुलै २०२४ नंतरच्या अपघातांना भारतीय न्याय संहिता लागते, निष्काळजी वाहन चालवण्याला कलम २८१ आणि दुखापतीला १२५. एफआयआरला दोन-चार दिवस उशीर झाला म्हणून क्लेम बुडत नाही, माणूस आयसीयूत असताना घरचे पोलिस ठाण्यात पळत नाहीत हे कोर्टालाही कळतं, फक्त उशीर का झाला ते तक्रारीत लिहा.

घटनास्थळ पंचनाम्याची कॉपी मिळाली की ती फाईलला लावून मोकळे होऊ नका, वाचा. रस्ता किती रुंद, डिव्हायडर आहे का, टायर घासल्याच्या खुणा कुठून कुठे, काचेचा चुरा कुठल्या बाजूला पडलाय, तुमची गाडी तुमच्या लेनमध्ये होती की मधोमध. चूक कोणाची ह्याचा निम्मा निकाल ह्या अर्ध्या पानात असतो. पंचनामा व्हायच्या आधीच गाड्या बाजूला काढलेल्या असतात, म्हणून कोणीतरी लगेच मोबाईलवर फोटो काढायला हवेत, चार बाजूंनी आणि थोडं लांबूनही, म्हणजे रस्ता दिसतो. आसपासच्या दुकानाचा सीसीटीव्ही असेल तर तो काही दिवसांत आपोआप पुसला जातो, तपासी अंमलदाराला लेखी अर्ज देऊन फुटेज जप्त करायला सांगा आणि अर्जाच्या कॉपीवर पोहोच घ्या.

नियमाप्रमाणे पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाला पाठवायचा असतो, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६(४) प्रमाणे तो अहवालच क्लेमचा अर्ज धरता येतो. कागदावर फार छान आहे. पण त्याच्या भरवशावर बसू नका, स्वतःचा अर्ज लावा, कारण १ एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या तारखेपासून ६ महिन्यांच्या आत अर्ज करायची मुदत आलीये. आधी कित्येक वर्षं मुदतच नव्हती, म्हणून जुनी माणसं अजून सांगतात "निवांत लावा, कधीही चालतो". ऐकू नका. ह्या अटीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे हे खरं, पण दुसऱ्याच्या याचिकेवर आपला क्लेम टांगून ठेवण्यात काय शहाणपण. पायाचं प्लास्टर निघायचं बाकी असलं तरी अर्ज लागतो, पुढची बिलं नंतर जोडता येतात.

अर्ज कुठे करायचा ह्यात तुमची सोय बघितलेली आहे, अपघात झाला तिथे, तुम्ही राहता किंवा धंदा करता तिथे, किंवा समोरचा राहतो तिथे, तिन्हीतलं काहीही. सोलापूर रोडला अपघात झाला आणि घर नाशिकला असेल तर नाशिकच्या कोर्टात लावा, उगाच तारखांना एसटीचे हेलपाटे कशाला. ड्रायव्हर, मालक आणि विमा कंपनी तिघांनाही पार्टी करायचं. विमा आहे की नाही हे एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून बघता येतं. ड्रायव्हरकडे लायसन्स नव्हतं असं निघालं तरी लगेच धीर सोडू नका, अशा केसमध्ये कोर्ट बऱ्याचदा कंपनीला आधी तुम्हाला पैसे द्यायला लावतं आणि मग मालकाकडून वसूल करायला सांगतं. विमाच नसेल तर मात्र वसुली मालकाकडून, आणि ती जड जाते.

गाडी पळून गेली, नंबरच नाही, तर एमएसीटीचा उपयोग नाही, त्यासाठी हिट अँड रनची वेगळी योजना आहे, गंभीर दुखापतीला ५० हजार आणि मृत्यू झाल्यास २ लाख, अर्ज प्रांत किंवा तहसीलदार ऑफिसला. रक्कम तुटपुंजी आहे पण बऱ्याच लोकांना ती आहे हेच माहीत नसतं. दुसरी एक वाट कलम १६४ ची, त्यात चूक कोणाची ते सिद्ध करावं लागत नाही, गंभीर दुखापतीला सरसकट अडीच लाख आणि मृत्यूला ५ लाख. ऐकायला बरं वाटतं, पण थांबा, ते पैसे एकदा स्वीकारले की कलम १६६ चा, म्हणजे चूक सिद्ध करून एमएसीटीत मिळवायचा मोठा क्लेम संपतो. कायमचं अपंगत्व आलेल्या पंचविशीतल्या पोराने अडीच लाखावर सही करणं म्हणजे शुद्ध नुकसान. का, ते आकड्यात बघू.

समजा वय ३०, महिन्याची कमाई २० हजार, स्वतःचा छोटा धंदा. वर्षाचे २ लाख ४० हजार. पुढे कमाई वाढली असती म्हणून चाळिशीच्या आतल्या धंदेवाल्याला ४० टक्के वाढवून धरतात (पक्क्या नोकरीला ५०), झाले ३ लाख ३६ हजार. अपंगत्वामुळे कमवायची ताकद २५ टक्के कमी झाली असं कोर्टाने मानलं तर वर्षाचं नुकसान ८४ हजार. त्याला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणायचं, २६ ते ३० ला १७, मग उतरत उतरत ४६ ते ५० ला १३, ६१ ते ६५ ला ७. म्हणजे ८४ हजार गुणिले १७, चौदा लाख अठ्ठावीस हजार. हे सगळे आकडे सुप्रीम कोर्टाने २००९ आणि २०१७ च्या निकालांत ठरवून दिलेत, वकिलाच्या मनातले नाहीत. आणि ह्यात अजून दवाखान्याचा खर्च, बसून काढलेल्या महिन्यांचा पगार, गाडीभाडं, सांभाळायला ठेवलेल्या माणसाचा खर्च, पुढे रॉड काढायचं ऑपरेशन, सोसलेल्या वेदना हे वेगळं धरायचंय.

त्या २५ टक्क्यांवरच खरं भांडण होतं. सर्टिफिकेटवर लिहिलेलं अपंगत्व आणि कमाईवर झालेला परिणाम ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डावा हात गेलेला क्लार्क टेबलावर बसून काम करू शकतो, पण तोच हात सुताराचा किंवा ट्रक ड्रायव्हरचा गेला तर त्याचं कामच संपलं, त्याचं नुकसान १०० टक्के धरता येतं, सर्टिफिकेटवर ६० का असेना. म्हणून तुम्ही नेमकं काय काम करता, त्यात कोणता अवयव लागतो, आता काय जमत नाही, हे अर्जात सविस्तर लिहा. उकिडवं बसता येत नाही, जिना चढताना कठडा धरावा लागतो, पाच किलोची पिशवी उचलत नाही, असं. सर्टिफिकेट शक्यतो सिव्हिल हॉस्पिटलच्या बोर्डाचं घ्या आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरला साक्षीला यावं लागेल ह्याची कल्पना आधीच द्या, नुसता कागद दिला आणि डॉक्टर आलेच नाहीत तर समोरचा वकील त्याची चिरफाड करतो.

कमाईचा पुरावा म्हणजे इन्कम टॅक्स रिटर्न, पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट. अपघातानंतर घाईघाईत भरलेला रिटर्न मात्र संशय वाढवतो. भाजीवाला, गवंडी, शेतमजूर ह्यांच्याकडे ह्यातलं काही नसतं तर यूपीआयची एण्ट्री, मुकादमाची साक्ष, किराणा घेतल्याच्या वह्या, जे असेल ते द्या, काहीच नसेल तर कोर्ट अंदाजाने, बरेचदा किमान वेतन बघून, रक्कम धरतं. स्वतःचं घर सांभाळणाऱ्या बाईची कमाई शून्य असं अजूनही काही कंपन्यांचे वकील म्हणून बघतात, ते चालत नाही, गृहिणीच्या कामाची किंमत धरायलाच हवी हे सुप्रीम कोर्टाने २०२१ सालीही ठासून सांगितलंय. औषधांची बिलं तारखेप्रमाणे लावून ठेवा आणि प्रत्येकाची झेरॉक्स काढा, मेडिकलच्या थर्मल कागदावरची शाई वर्षभरात उडून कोरा कागद उरतो.

हेल्मेट नव्हतं, ट्रिपल सीट होतो, मग काहीच नाही मिळणार? असं नाही. तुमच्या त्या चुकीमुळे अपघात झाला किंवा इजा वाढली हे त्यांना दाखवावं लागतं, तेवढ्याच प्रमाणात रक्कम कापतात. पाय मोडला असेल तर हेल्मेटचा काय संबंध? आणि तुम्ही बसमध्ये नुसते प्रवासी असाल, बस आणि ट्रक दोघांची चूक असेल, तर तुम्ही कोणा एकाकडूनही पूर्ण रक्कम मागू शकता, त्यांनी आपसात काय वाटून घ्यायचं ते घेऊ दे.

वकिलाचं बोलूया. वॉर्डात फिरणारे दलाल असतात, "सही करा, बाकी आम्ही बघतो". कोऱ्या वकालतनाम्यावर आणि कोऱ्या चेकवर सही करायची नाही म्हणजे नाही. मिळालेल्या रकमेतले इतके टक्के असा फीचा सौदा बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही, प्रत्यक्षात सर्रास चालतो हे सगळ्यांना माहितीये, तरी फी ठरवून लेखी घ्या. महिला, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, कमी उत्पन्नवाले ह्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, ऑफिस कोर्टाच्या आवारातच असतं.

मध्येच कंपनीकडून तडजोडीचं बोलणं येतं, बहुतेक लोक अदालतीच्या आधी. वाईट नाही, पैसे लवकर येतात. पण वरचं गणित आधी स्वतः करून बसा, आणि लोक अदालतीतल्या निकालावर अपील नाही हे लक्षात ठेवून आकडा सांगा. ऑपरेशन अजून बाकी असेल तर घाई करू नका.

निकाल लागला की रकमेवर साधारण अर्ज केल्याच्या तारखेपासूनचं व्याज लागतं, किती टक्के ते निकालपत्रात बघा. पैसे खात्यात येतात, काही भाग कोर्ट एफडीत टाकायला सांगतं, विशेषतः लहान मुलं असतील तर. उपचारासाठी एफडी मोडायची गरज पडली तर तसा अर्ज करता येतो. रक्कम कमी वाटली तर हायकोर्टात ९० दिवसांत अपील, आणि त्यासाठी निकालाची नक्कल लागते, तर निकालाच्या दिवशीच नकलेचा अर्ज टाकून या.