बाहुलीचा चेहरा कंपनीने रंगवलेला घ्यावा की हाताने रंगवून घ्यावा?

संग्रहासाठी बाहुली मागवताना एक प्रश्न हमखास समोर येतो : चेहरा रंगवून हवा की कोरा? पहिल्या वेळी मी त्या प्रश्नापाशी अर्धा तास अडकून बसले होते. कोरा घेतला तर रंगवणार कोण? रंगवलेला घेतला आणि आवडला नाही तर? शेवटी कंटाळून 'रंगवलेला' निवडला, आणि तो निर्णय योग्य निघाला तो निव्वळ नशिबाने. हल्ली मी नशिबावर सोडत नाही. काही गोष्टी ओळीने तपासते, त्या इथे सांगते.

आधी एक शब्द. बाहुलीच्या चेहऱ्यावरच्या रंगकामाला या छंदातली मंडळी 'फेसअप' म्हणतात. भुवया, पापण्यांच्या कडा, गालांवरची लाली, ओठ, नाकपुडीजवळची हलकी सावली, हे सगळं त्यात आलं. चेहऱ्याची घडण वेगळी आणि फेसअप वेगळा. एकाच साच्यातून निघालेली दोन डोकी, एक भुवया उतरत्या काढून आणि एक चढत्या काढून, शेजारी ठेवली तर बहिणीसुद्धा वाटत नाहीत.

पायरी १ : बाहुली कशाची आहे ते आधी बघा

आवडनिवड नंतर. रंग पुसून पुन्हा काढता येतो की नाही, हे बाहुली कशापासून बनली आहे त्यावर ठरतं, आणि अर्धा निर्णय तिथेच होतो.

रेझिनच्या (साच्यात ओतून घट्ट केलेल्या कडक प्लॅस्टिकच्या) बाहुल्या म्हणजे गोल सांध्यांच्या, आतून ताणलेल्या इलॅस्टिकवर जोडलेल्या. जपानच्या व्होल्क्स कंपनीने १९९९ मध्ये 'सुपर डॉल्फी' आणली आणि हा प्रकार जगभर पसरला. मोठी बाहुली साधारण ६० सेंटिमीटरची, मधली ४० ते ४५ची. यांचा रंग रेझिनमध्ये मुरत नाही, वर बसलेला असतो. पारदर्शक सीलंटचा (रंग धरून ठेवणाऱ्या लेपाचा) फवारा, त्यावर रंग, पुन्हा सीलंट, असे थर असतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ते सगळे उतरवून डोकं पुन्हा कोरं करता येतं. म्हणजे रेझिनच्या बाबतीत चुकीचा निर्णय महाग पडू शकतो, पण कायमचा नसतो. शिवाय डोळे आणि विग सुटे, बदलता येणारे असतात, आणि डोकंही मानेपासून सुटं होतं, त्यामुळे एकाच अंगाला दोन डोकीही ठेवता येतात.

व्हिनाइलचं गणित वेगळं. बार्बीच्या (जन्म १९५९) मापाच्या बहुतेक फॅशन बाहुल्यांची डोकी मऊ व्हिनाइलची असतात आणि डोळेसुद्धा रंगवलेलेच असतात. त्यावरचा कारखान्यातला छाप ॲसिटोनने निघतो, पण एकदा निघाला की गेला. तसाच्या तसा तो कुणीही परत आणू शकत नाही. शिवाय व्हिनाइल रंग शोषून घेतं. गडद लाल ओठ पुसल्यावर गुलाबी डाग उरला, असं पुष्कळदा होतं. काही सीलंट व्हिनाइलवर काही महिन्यांनी चिकट होतात, आणि मग त्या चेहऱ्यावर धूळ अशी बसते की झटकूनही जात नाही.

ब्लाइथसारख्या बाहुल्यांचा चेहरा एबीएस या कडक प्लॅस्टिकचा असतो. केनर कंपनीने १९७२ मध्ये काढलेली ही मोठ्या डोक्याची बाहुली त्या काळी चालली नाही. २००१ मध्ये ताकारा या जपानी खेळणी कंपनीने ती पुन्हा आणली आणि मग तिच्यावर कोरीवकाम करणारे हात तयार झाले. इथे रंगवून घेणं म्हणजे नुसता रंग नसतो. चकाकी घासून काढतात, नाक-ओठ कोरतात. कोरलेलं परत भरून येत नाही. आणि ॲसिटोन तर या प्लॅस्टिकला जवळही फिरकू देऊ नका, ते विरघळतं. रेझिनलाही नको.

जुन्या बिस्क पोर्सिलेनच्या (बिनचकाकीच्या चिनी मातीच्या) बाहुल्या असतील तर हा लेख इथेच मिटा. त्यांचा रंग भट्टीत भाजून पक्का केलेला असतो, तो त्या वस्तूचाच भाग आहे. त्यावर ब्रश चालवणं म्हणजे जुनं नाणं घासून चकचकीत करण्यासारखं.

पायरी २ : 'कंपनीचा रंग' म्हणजे काय, ते समजून घ्या

हा शब्द फसवा आहे, कारण त्यात दोन अगदी वेगळी कामं येतात.

फॅशन बाहुल्यांच्या कारखान्यात चेहरा बहुधा छापला जातो. कोरलेल्या पट्टीवर शाई भरतात, सिलिकोनचा मऊ गोळा ती उचलतो आणि बाहुलीच्या चेहऱ्यावर दाबतो. प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा. ठसा केसभर सरकला की एक डोळा खाली आणि एक वर. अलीकडच्या काही बाहुल्यांवर डिजिटल छपाई असते. ती लांबून सुंदर दिसते, भिंगातून बघितलं की बारीक ठिपके दिसतात. अशी बाहुली समोर बघून निवडता आली तर चारपाच खोकी शेजारी ठेवून डोळ्यांची पातळी बघा. लाज बाळगू नका, सगळेच बघतात.

रेझिनच्या कंपन्यांत मात्र 'कंपनीचा फेसअप' बहुतेक वेळा माणसानेच हाताने केलेला असतो. फरक एवढाच की ती माणसं ठरलेला नमुना पुन्हा पुन्हा काढत असतात. त्यामुळे हात सराईत असतो, रेषा स्वच्छ असते, पण तुम्हाला मिळालेला चेहरा जाहिरातीतल्या फोटोसारखा हुबेहूब असेलच असं नाही. फोटोतली बाहुली बहुधा त्यांच्या सर्वांत चांगल्या हाताने रंगवलेली असते आणि प्रकाशही बेतून दिलेला असतो. तीच बाहुली घेतलेल्या लोकांनी घरी काढलेले फोटो शोधा. पाचसहा बघितले की आपल्या वाट्याला काय येईल याचा अंदाज येतो.

पायरी ३ : बाहुलीशी तुम्ही कसे वागणार?

कपाटात काचेमागे ठेवणार असाल तर कुठलाही रंग टिकेल, थेट ऊन तेवढं टाळा. रोज विग बदलणार, डोळे बदलणार, फोटोसाठी पिशवीत घालून हिंडणार असाल तर झीज होणारच. नाकाचं टोक, ओठांचा मध्य आणि कपाळावरची विगची कड आधी उघडी पडते. खूप हाताळायची बाहुली असेल तर मी पहिल्या वर्षी कंपनीच्या रंगावरच भागवा असं म्हणेन. हात रुळेपर्यंत ओरखडे पडतातच, ते स्वस्त चेहऱ्यावर पडू द्यावेत.

छापील चेहरा घरातल्या लहान मुलांच्या हातालाही बराच पुरतो. हाताने रंगवलेला नाही.

पायरी ४ : रंगवणाऱ्याचं काम पारखा

हाताने रंगवून घ्यायचं ठरलं, तर सर्वांत जास्त वेळ इथे घालवा. सुंदर फोटो काढणं आणि सुंदर रंगवणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत, आणि पडद्यावर ती एकमेकांत बेमालूम मिसळतात.

दिवसाच्या साध्या उजेडातला, विग न घातलेला, समोरून काढलेला फोटो मागा. विग आणि पापण्या बरंच काही झाकतात. तो फोटो फोनवर आडवा उलटा करून बघा, आरशात बघतो तसा. भुवया वरखाली असतील तर त्या लगेच खुपतात. सरळ फोटोत डोळा त्यांना सरावलेला असतो. भुवयांचे केस बघा : प्रत्येक रेषा मुळाशी जाड आणि टोकाला निमुळती आहे, की सगळ्या एकाच जाडीच्या काड्या? गालांवरची लाली त्वचेतून आल्यासारखी विरत जाते, की गोल टिकलीसारखी बसली आहे? पेस्टलची (रंगीत खडूची) पूड मऊ ब्रशने चढवलेली असेल तर कडा दिसत नाही. पृष्ठभाग तिरक्या उजेडात बघायला मिळाला तर उत्तम, कारण सीलंटखाली अडकलेला धागा, केस किंवा धुळीचा कण तिथेच पकडला जातो.

मग त्या व्यक्तीची दहावीस कामं एकत्र बघा. सगळ्या बाहुल्या एकाच माणसाच्या लेकी वाटतात का? तसं असेल तर ती तिची शैली आहे, दोष नव्हे. पण तुम्हाला रागीट म्हातारी हवी असेल आणि तिच्याकडे फक्त स्वप्नाळू मुली असतील, तर तिला रागीट म्हातारी काढायला सांगू नका. तुमच्याच साच्याचं डोकं तिने आधी रंगवलेलं असेल तर निम्मी काळजी मिटली.

पायरी ५ : काय हवंय ते नीट सांगा

मी एकदा 'चेहरा गोड हवा' एवढंच कळवलं होतं. माझ्या मनात होती एक जरा थकलेली, मंद हसणारी मुलगी. परत आली ती गुबऱ्या गुलाबी गालांची, जत्रेतून नुकतीच परतल्यासारखी. काम उत्तम होतं. चूक माझी होती. 'गोड' या शब्दात ज्याची त्याची साखर वेगळी.

तेव्हापासून मी विशेषणं देत नाही, फोटो देते. भुवयांसाठी एक, ओठांच्या रंगासाठी एक, आणि एक 'असं अजिबात नको' म्हणून. या तिसऱ्या फोटोचा उपयोग सर्वांत जास्त होतो. सोबत कोणत्या रंगाचे डोळे आणि कोणता विग घालणार हेही कळवा, कारण काळ्या केसांखाली फिक्या तपकिरी भुवया हरवतात. अंगाचा रंगही सांगा. रंगवणाऱ्यासमोर नुसतं डोकं असतं. सावळ्या रेझिनवर फिकं पेस्टल राखाडी दिसतं आणि अगदी गोऱ्या रेझिनवर तेच भडक. बाकी मोकळीक द्या. बोटभर यादी दिली की उत्तम काम होतं, पानभर दिली की यादीबरहुकूम काम होतं.

पायरी ६ : बोलणी आणि पाठवणी

आगाऊ किती, बाकी कधी, काम कधीपर्यंत, पाठवण्याआधी फोटो दाखवून बदल करून मिळतील का आणि किती वेळा, सीलंट कोणतं, वाटेत नुकसान झालं तर कुणाचं : ही उत्तरं लेखी घ्या. चांगल्या रंगवणाऱ्यांकडे रांग असते, तेव्हा महिनोन्महिने थांबावं लागलं तर ते वाईट लक्षण नव्हे. तारीख विचारल्यावर उत्तरच न येणं हे वाईट लक्षण.

शक्यतो अख्खी बाहुली पाठवू नका, फक्त डोकं पाठवा. डोळे, विग आणि डोळे चिकटवायची पुट्टी काढून ठेवा. आधीचे ओरखडे दिसतील असे सर्व बाजूंनी फोटो काढा. बाहेर देशी पाठवत असाल तर ती तुमचीच वस्तू रंगकामासाठी जाऊन परत येणार आहे हे कागदावर स्पष्ट असू द्या, नाहीतर येताना नवी खरेदी म्हणून कर लागू शकतो. बुडबुड्यांचं प्लॅस्टिक थेट रंगवलेल्या चेहऱ्यावर गुंडाळू नये, दाबाने त्याचे ठसे उठू शकतात. आधी मऊ कापड किंवा पातळ फोम, मग काय ते.

पुढेमागे विकायचा विचार असेल तर इथेच थांबून एकदा मोजा. मर्यादित आवृत्तीची बाहुली कंपनीच्या मूळ रंगात आणि प्रमाणपत्रासह असेल तर तिला मान असतो. तो रंग पुसलात की ती तिच्यासारख्या इतर डोक्यांतली एक. उलट नेहमी मिळणारं डोकं नावाजलेल्या हाताने रंगवलेलं असेल तर किंमत वाढूही शकते. पण घेणाऱ्याला तीच शैली आवडायला हवी, आणि ते तुमच्या हातात नाही.

पायरी ७ : स्वतःच रंगवायचं असेल तर

हौस असेल तर जरूर करा, पण पहिला प्रयोग लाडक्या बाहुलीवर नको. एखादं जुनं, टाकाऊ डोकं घ्या. सामान फार नाही : मॅट सीलंट (मिस्टर सुपर क्लिअरचं नाव बहुतेक जण घेतात), कोरडे सॉफ्ट पेस्टल, वॉटरकलर पेन्सिली, ॲक्रेलिक, बारीक ब्रश. तेलकट पेस्टल नको. प्रत्येक टप्प्यावर सीलंटचा हलका थर दिला की पुढची चूक तेवढीच पुसता येते, खालचं काम वाचतं. ओठांवरची आणि पापणीच्या कडेची चकाकी सगळ्यांत शेवटी.

सीलंटचे दोन नियम मात्र मोडू नका. फवारणी मोकळ्या हवेत आणि सेंद्रिय वाफांच्या फिल्टरचा मास्क लावूनच करा; धुळीसाठीचा साधा मास्क किंवा रुमाल त्या वाफा अडवत नाही. आणि हवा दमट असेल त्या दिवशी फवारू नका. मी फवारलं होतं. दोन संध्याकाळी खपून काढलेल्या भुवयांवर पांढुरकं धुकं बसलं आणि सगळं धुऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

अजूनही ठरत नसेल तर

रेझिनची बाहुली असेल तर कंपनीने रंगवलेली घ्या आणि सहा महिने तिच्यासोबत राहा. काय खटकतं ते वहीत टिपत जा : भुवया फार जाड, ओठ फार केशरी, नजर रिकामी. त्या टिपा एका पानाच्या झाल्या तर कोरं डोकं वेगळं मागवा, आणि रंगवणाऱ्याला काय लिहायचं ते त्या वहीतूनच उतरवून काढा. टिपा दोन ओळींच्या पुढे गेल्याच नाहीत तर पैसे विगवर खर्च करा.